मामाचा कम्प्युटर ऑनलाइन येतो तेव्हा

माळ्यावर धूळ खात पडलेला ४८ केबीचा कम्प्युटर, एक नेटवर्क कार्ड, चुकीची क्रिम्प केलेली केबल आणि एक जुनी कॅसेट. पाठ केलेला विषय समजायला एवढं पुरेसं असतं.

'टीसीपीचं थ्री-वे हँडशेक आकृतीसह स्पष्ट करा.' सात मार्कांचा प्रश्न. मी आकृती काढली, बाण काढले, बाणांवर सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक लिहिलं. तरीही कम्प्युटर नेटवर्क्समध्ये बॅकलॉग लागला तो लागलाच. खरं सांगायचं तर पेपर तपासणाऱ्याची काही चूक नव्हती. मला सगळं पाठ होतं आणि काहीच समजलेलं नव्हतं.

मे महिन्यात सांगलीला मामाकडे गेलो. घराला रंग द्यायचा होता म्हणून माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. पितळेचे डबे, सतरंज्या, मोडका पंखा आणि त्यामागे जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक काळं खोकं. खोकं कसलं, जाडजूड कीबोर्डच. वर लिहिलेलं, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'.

"अरे, हा अजून आहे होय!" मामा खाली बसूनच ओरडला. "सांभाळून आण. १९८८ साली घेतलाय तो."

मामा गेल्याच वर्षी साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झाला. तेव्हापासून त्याचा दिवस म्हणजे पेपर, चहा आणि मोबाइलवर आलेलं पुढे ढकलणं. या माणसानं कधीकाळी बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिले होते, हे मला माहीतच नव्हतं. बारावीनंतर त्याला कम्प्युटरचंच काहीतरी करायचं होतं. पण १९८९ मध्ये आजोबा गेले, घरातला मोठा म्हणून तो नोकरीला लागला आणि मशीन माळ्यावर गेलं.

मी गंमतीत म्हटलं, "मामा, हा इंटरनेटला जोडूया का?"

तो हसला नाही. म्हणाला, "जोडता येईल?"

इंटरनेटच्या आधीचं मशीन

आधी या मशीनची ओळख. झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटनमधल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा घरगुती कम्प्युटर. २३ एप्रिल १९८२ ला तो बाजारात आला. १६ केबीचं मॉडेल १२५ पौंडांना आणि ४८ केबीचं १७५ पौंडांना. प्रोसेसर झेड-८०ए, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ. १९८४ मध्ये त्याचीच जरा बऱ्या कीबोर्डची 'प्लस' आवृत्ती आली. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावानं विकली. मॉनिटर नाही, घरचा टीव्ही जोडायचा. डिस्क नाही, टेपरेकॉर्डर जोडायचा.

आता तारखा बघा. अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वज नेटवर्क टीसीपी/आयपीवर गेलं १ जानेवारी १९८३ ला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे या मशीनचं डिझाइन पक्कं झालं, तेव्हा आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते धड उभंही राहिलेलं नव्हतं.

तेव्हा ही मशीन्स एकमेकांशी बोलतच नव्हती असं मात्र नाही. १९८३ मध्ये सिंक्लेअरनं 'इंटरफेस वन' काढला, त्यानं ६४ स्पेक्ट्रम एका तारेवर जोडता यायचे. ब्रिटनमध्ये मोडेम लावून फोनच्या लाइनवर 'मायक्रोनेट ८००' नावाची सेवा वापरता यायची. माहिती येण्याचा वेग सेकंदाला १२०० बिट आणि जाण्याचा फक्त ७५ बिट! हळू टाइप करणाऱ्यालासुद्धा तेवढे पुरायचे.

आधी जिवंत तर करा

माझी पहिली चूक व्हायची थोडक्यात वाचली. घरात नऊ व्होल्टचा एक अ‍ॅडॅप्टर पडला होता, तो मी लावणार इतक्यात मामानं हात धरला. "थांब. याचं उलटं असतं." खरंच. आजकालच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरच्या पिनला मध्ये प्लस आणि बाहेर मायनस असतो. स्पेक्ट्रमला मध्ये मायनस लागतो. लावला असता तर मशीन तिथंच संपलं असतं. पस्तीसेक वर्षांनी त्याला हे आठवत होतं आणि मी मल्टिमीटर लावून बघायचंही विसरलो होतो.

मग पिन उलटी जोडलेली वायर केली, मीटरवर तपासली, मशीन चालू केलं. स्क्रीनवर नुसते रंगीत चौकोन. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे बोर्ड नेला. या मशीनच्या पहिल्या १६ केबी मेमरीच्या चिप्सना पाच, बारा आणि उणे पाच असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात आणि ते तयार करणारा छोटा ट्रान्झिस्टर हा स्पेक्ट्रमचा नेहमीचा दुखरा भाग. तो बदलला, एक मेमरी चिप बदलली, फुगलेले कपॅसिटर बदलले. टीव्हीसाठी जुनं अँटेनावालं आउटपुट बाजूला ठेवून थेट व्हिडिओ सिग्नल काढला. कीबोर्डखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडक होऊन तुटली होती. सुदैवानं ती आजही नवी बनवून मिळते.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या स्क्रीनच्या तळाशी एक ओळ आली: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. मामी स्वयंपाकघरातून बघायला आली आणि म्हणाली, "एवढंच?"

कार्ड आलं, पण...

आता मुख्य काम. स्पेक्ट्रमला नेटवर्क कसं जोडायचं? डिलन स्मिथ या हौशी इंजिनिअरनं त्यासाठी 'स्पेक्ट्रानेट' नावाचं कार्ड डिझाइन केलंय. डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे. मशीनच्या पाठीमागे एक उघडी पट्टी असते, तिच्यावर हे कार्ड बसतं. त्यावर १२८ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम, नेटवर्क केबलचं सॉकेट आणि 'डब्ल्यू ५१००' नावाची चिप. म्हणजे कार्डाची मेमरी मशीनच्या पाचपट! चिपचे पाय इतके बारीक की घरी सोल्डरिंग करायची माझी हिंमत नव्हती. परदेशातल्या एका हौशी माणसाकडून तयार कार्ड मागवलं. दोन महिन्यांचा मेसचा खर्च गेला. ते गणपतीच्या सुट्टीत हातात पडलं.

कार्ड लावलं. (मशीन बंद करूनच लावायचं, चालू असताना लावलं तर दोन्ही जाऊ शकतात.) चालू केल्यावर कार्डाचा प्रोग्रॅम आधी धावतो आणि डीएचसीपीनं राउटरकडे आयपी अ‍ॅड्रेस मागतो. आमच्याकडे मागत राहिला. मिळेना. केबल लावलेल्या सॉकेटचा हिरवा दिवा मात्र लागलेला. कधी पाचव्या प्रयत्नाला अ‍ॅड्रेस मिळायचा, पण लॅपटॉपवरून पिंग केलं की निम्मी पॅकेट्स गायब.

मी दोन दिवस सेटिंग्ज बदलत बसलो. राउटर रीसेट केला, अ‍ॅड्रेस हातानं भरला. मामा शेवटी म्हणाला, "तार बघितलीस का?"

तार मीच क्रिम्प केली होती. हॉलमधल्या राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत, वीसेक मीटर. दोन्ही टोकांना रंग सारख्याच क्रमानं लावले होते, त्यामुळे दिवा लागत होता. पण नेटवर्क केबलमध्ये दोन-दोन तारांना पीळ असतो तो उगाच नाही. एका पिळातल्या दोन तारांवर एकच सिग्नल उलट-सुलट जातो, म्हणून बाहेरचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि वजा होऊन जातो. पिन एक-दोनवर एक जोडी आणि तीन-सहावर दुसरी जोडी यायला हवी. मी सरळ तीन-चारवर जोडी घातली होती. म्हणजे तीन आणि सहा नंबरवर दोन वेगवेगळ्या पिळातल्या तारा. दोन फुटांच्या केबलला हे खपून गेलं असतं, वीस मीटरला नाही.

ओएसआय मॉडेलचे सात लेयर मी झोपेत म्हणून दाखवले असते. त्यातला पहिला फिजिकल लेयर. मी दोन दिवस तिसऱ्या लेयरमध्ये हात घालून बसलो होतो आणि चूक पहिल्यात होती.

केबल नीट केली. लगेच स्पेक्ट्रमला अ‍ॅड्रेस मिळाला, १९२.१६८.१.१४. पिंगला उत्तर आलं. एकही पॅकेट हरवलं नाही. मी टाळी मागितली.

मामा म्हणाला, "उत्तर या मशीननं दिलं?"

आणि मी गप्प झालो. कारण नव्हतं दिलं. डब्ल्यू ५१०० ही चिप पिंगला स्वतःच उत्तर देते, झेड-८०ला त्याचा पत्ताही नसतो. टीसीपी, यूडीपी, आयपी सगळं ती चिपच सांभाळते. लॅपटॉपवर वायरशार्क चालू करून मी स्पेक्ट्रमकडून एक कनेक्शन करून बघितलं. सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. माझ्या उत्तरपत्रिकेतले तीन बाण, एकाखाली एक, मिलिसेकंदांसकट समोर. पण तेही कार्डाचंच काम.

"मग आपलं मशीन काय करतंय?" मामाचा पुढचा प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला लेयर म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. आपलं मशीन कार्डाला एवढंच सांगतं, 'या पत्त्यावर, या पोर्टला जोडून दे.' मग त्यात अक्षरं टाकतं आणि आलेली अक्षरं वाचतं. पॅकेट हरवलं, पुन्हा पाठवलं, क्रम लावला, हे त्याला कळतच नाही आणि कळायची गरजही नाही. तुमच्या लॅपटॉपवरचा ब्राउजर तरी वेगळं काय करतो? तोही ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच सांगतो. वरच्यानं खालच्यावर विश्वास टाकायचा आणि आपलं काम करायचं. बस्स.

दुसरा रस्ताही आहे बरं का. स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्सनं छोट्या प्रोसेसरवर चालेल असा पूर्ण टीसीपी/आयपीचा प्रोग्रॅम लिहिला आणि २००३ मध्ये 'कॉन्टिकी' नावाची सिस्टिम कमोडोर ६४ वर चालवून दाखवली, वेब ब्राउजरसकट! तिथं सगळे बाण प्रोसेसरच काढतो. पुढे तेच काम लहान-लहान सेन्सर्स नेटला जोडायच्या उपयोगी पडलं.

यूट्यूब चालतं का?

मित्रांचा पहिला प्रश्न हाच. नाही चालत. स्पेक्ट्रमच्या अख्ख्या स्क्रीनला ६,९१२ बाइट्स लागतात, एका ओळीत ३२ अक्षरं, अशा २४ ओळी. आजचं वेबपेज काही एमबींचं असतं. आणि खरी अडचण आकाराचीही नाही, कुलपाची आहे. आज जवळपास सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर आहेत. त्यातलं एन्क्रिप्शन म्हणजे प्रचंड मोठ्या संख्यांची गणितं. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० ती करत बसला तर साइट वाट बघून कनेक्शन तोडून टाकेल. म्हणून मध्ये एक दुभाषा ठेवतात. घरातला लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय कुलूप उघडतो आणि साधा मजकूर स्पेक्ट्रमला देतो.

त्यापेक्षा साध्या मजकुराची जुनी जगं बघायला मजा येते. गोफर हा १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेला प्रोटोकॉल, नुसत्या मेनूंचा. आजही काही हौशी लोकांनी त्याचे सर्व्हर चालू ठेवलेत. टेलनेटनं चालणारे बुलेटिन बोर्ड आहेत. आणि स्पेक्ट्रानेटसाठी बनवलेली 'टीएनएफएस' ही फाइल्स द्यायची-घ्यायची पद्धत तर कमालच. कॅसेटवरून ४८ केबी भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागायची, तेच आता नेटवर्कवरून हां हां म्हणता येतं.

कॅसेट नंबर तीन

हे सगळं चालू झालं त्या रात्री मामानं कपाटातून एक कॅसेट काढली. लेबलवर निळ्या शाईत लिहिलेलं, 'भिशी'.

गल्लीतल्या बारा घरांची भिशी होती. तिचा हिशेब आजोबा वहीत ठेवायचे. मामानं तो कम्प्युटरवर घेतला होता. "तुझे आजोबा इथं बसायचे," तो टीव्हीसमोरची जागा दाखवत म्हणाला. "ते आकडे सांगायचे, मी टाइप करायचो."

आधी कॅसेटचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला. तुमच्याकडे जुनी टेप असेल तर तुम्हीही पहिलं हेच करा. पण ते रेकॉर्डिंग स्पेक्ट्रमला दिलं तर अर्ध्यावर 'टेप लोडिंग एरर'. थेट टेपवरूनही तेच. टेपरेकॉर्डरचं हेड जरासं तिरकं झालं होतं. त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवायचा आणि आवाज जास्तीत जास्त चरचरीत येतो तिथं थांबायचं. टेप दर वेळी थोडी झिजते, म्हणून प्रत्येक प्रयत्नाला छातीत धडधड. चौथ्या वेळी स्क्रीनच्या कडेला निळ्या-पिवळ्या रेघा शेवटपर्यंत धावल्या आणि खाली आलं, 'ओके'.

मी 'रन'ला हात घातला.

"रन नको!" मामा केवढ्यानं ओरडला! "सगळं पुसलं जाईल!"

स्पेक्ट्रम बेसिकची ही खासियत आहे. प्रोग्रॅम सेव्ह केला की त्यातले व्हेरिएबल्सही कॅसेटवर जातात, म्हणजे नावं, आकडे, सगळं. पण 'रन' दिलं की मशीन आधी सगळे व्हेरिएबल्स पुसतं आणि मग सुरू होतं. म्हणून 'रन'ऐवजी 'गो टू' आणि ओळीचा नंबर द्यायचा. मी 'रन' दाबलं असतं तर भिशीचा कोरा प्रोग्रॅम राहिला असता. कॅसेट पाचव्यांदा चालली असती की नाही, कोण सांगणार?

मामानं 'गो टू १०' टाइप केलं. बारा नावं आली, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. तिसऱ्या नंबरवर आजोबा. जानेवारी ते सप्टेंबर पन्नास-पन्नास रुपये जमा. ऑक्टोबरपासून पुढचे रकाने रिकामे.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मामी पाणी घेऊन आली आणि तीही तिथंच बसली.

मग मी कार्डावरचं लाल बटण दाबलं. त्यानं मशीन होतं तिथं थांबतं आणि कार्डाचा मेनू येतो. तिथून अख्ख्या मेमरीचा स्नॅपशॉट नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर पाठवला. फाइल आली ४९,१७९ बाइट्सची. मेमरीचे ४९,१५२ आणि प्रोसेसरच्या अवस्थेचे २७. त्या क्षणाला मशीनमध्ये जे होतं ते सगळं. मी त्याच्या तीन प्रती केल्या, तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. मामाला तेव्हा पटलं, हे इंटरनेट-बिंटरनेट कशासाठी ते.

एकवीस खोकी

मी पुण्याला होस्टेलवर परत आलो. मामानं फोनवर विचारलं, "आता इथून तिथं काही पाठवता येईल?"

मामाचं मशीन घरच्या राउटरमागे, माझा लॅपटॉप होस्टेलच्या वायफायमागे. दोघांनाही बाहेरून हाक मारता येत नाही. आतून बाहेर गेलेलं कनेक्शन मात्र राउटर आपल्या वहीत लिहून ठेवतो आणि त्याचं उत्तर बरोबर परत आणून देतो. हेच ते नॅट, पुस्तकात ज्याची दोन पानं आहेत. मग मध्ये एक भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला. दोघांनीही आपापल्या घरातून बाहेर पडून तिथं भेटायचं.

प्रोग्रॅम मामानं स्वतः लिहिला. स्पेक्ट्रानेटमुळे बेसिकला नव्या कमांड मिळतात. त्यातल्या एकीनं सर्व्हरला स्ट्रीम चारवर जोडलं की पुढे साधं 'प्रिंट'. पाच-सहा ओळी. ही भाषा त्याला येतच होती. यात कुलूप काहीच नाही, सगळं उघड्यावर जातं, त्यामुळे पासवर्ड-बिसवर्ड टाइप करायचं नाही, एवढं मी बजावलं.

चार दिवसांनी त्याचा फोन. "इंग्रजी अक्षरांत कंटाळा आला. मराठी करतोय."

स्पेक्ट्रममध्ये आपली स्वतःची २१ अक्षरं बनवता येतात. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचं खोकं. शिरोरेषेची ओळ म्हणजे २५५, आठही ठिपके काळे. शेजारी शेजारी खोकी आली की रेघ आपोआप जुळते. पण शिरोरेषा अगदी वर घेतली तर मात्रा कुठे द्यायची? म्हणून मामानं ती तिसऱ्या ओळीवर आणली. वर दोन ओळी मात्रेला, खाली पाच ओळींत अक्षर. सगळी बाराखडी २१ खोक्यांत बसणं शक्य नाही, म्हणून त्यानं लागतील तेवढीच निवडली. कोणत्या नंबरला कोणतं अक्षर याची यादी मला फोनवर सांगितली. मी १४४ ते १६४ या कोडना युनिकोडमध्ये बदलणारा दहा ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहिला.

तुम्हालाही करायचं असेल तर...

- वीज देण्याआधी अ‍ॅडॅप्टरची उलटसुलट पिन मीटरवर तपासा.
- कार्ड लावताना-काढताना मशीन बंद ठेवा. मागची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या.
- काही चालेना तर तारेपासून सुरुवात करा. सेटिंग्ज नंतर.
- जुन्या कॅसेट आधी रेकॉर्ड करा, मग वाजवा.
- मशीन मिळालं नाही तर इम्युलेटरवर बेसिक शिका, फुकट आहे.
- घरात विचारा. माळ्यावर काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

बॅकलॉगचा पेपर परवाच दिला. नॅटवर प्रश्न होता. मी सांगलीचा राउटर डोळ्यांसमोर आणून लिहिलं. निकाल यायचाय.

पेपरच्या आदल्या रात्री साडेनऊला सर्व्हरवर एक ओळ आली होती. सहा वेगवेगळी खोकी, त्यातलं एक दोनदा वापरलेलं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटलं: 'जेवलास का'. प्रश्नचिन्ह टाकायचं राहून गेलं होतं. मी 'हो' टाइप केलं आणि मेस बंद व्हायच्या आत खाली पळालो.